उसनं नाक

"गेणा, नीट बघ बाबा. मला कालपासनं वास येतोय," कुशाबाई म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

गेणभाऊंनी खांद्यावरची भरलेली टाकी ओट्याखाली ठेवली, टोपी मागे सरकवली, शेगडीपाशी वाकून डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. हा श्वास बघण्यासारखा असायचा. छाती फुगायची, भुवया वर जायच्या, मान थोडी डावीकडे वळायची, थोडी उजवीकडे. ओतूरमध्ये गॅसच्या टाक्या पोचवणारे आणखी दोघे होते, पण इतक्या मनापासून वास घेणारा दुसरा कोणी नाही, असं गावातल्या बायकांचं एकमताने ठरलेलं होतं.

"काय वास नाय, आजी," डोळे उघडून गेणभाऊ म्हणाले. "तरी फेस लावून बघतो. आपलं काम पक्कं पायजे."

त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला, रेग्युलेटरला लावला, टाकीच्या तोंडाशी लावला. एक बुडबुडा आला नाही. कुशाबाई जवळ येऊन बघून गेल्या.

"मग माझंच नाक म्हातारं झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. त्या घरात एकट्याच राहायच्या. माणूस घरी आला की चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

आता खरी गोष्ट सांगायची तर गेणभाऊंना गॅसचाच काय, कसलाच वास येत नव्हता. कित्येक वर्षं येत नव्हता. आधी सर्दी झाली, ती बरी झाली नाही. मग नाक कायमचं चोंदलं, बोलणं गेंगाणं झालं, रात्री तोंड उघडं टाकून झोपायची वेळ आली. ओव्याची पुरचुंडी झाली, वाफ झाली, नाकात तूप सोडून झालं. एका वैदूने दिलेली पूड ओढली तेव्हा इतक्या शिंका आल्या, की टेम्पो रस्त्याकडेला लावून बसावं लागलं. नाक मात्र उघडलं नाही. साबणाचा फेस त्यांनी तेव्हापासून धरला. लोकांना वाटायचं, केवढा काळजीचा माणूस. काळजी खरीच होती, फक्त तिचं कारण कोणाला माहीत नव्हतं.

सांगणार तरी कसं? ज्याला दिसत नाही त्याच्या एसटीत कोण बसेल? तसंच हे. त्यामुळे गोष्ट घरातच राहिली. एक बायको मंगल जाणत होती आणि तिलाही वासापेक्षा घोरण्याचा जास्त वैताग होता. शेवटी तिनेच एक दिवस त्यांना उठवून मंचरला नेलं. तिथे नाक-कान-घशाच्या डॉक्टर साधना मॅडम तिच्या माहेरच्यांच्या ओळखीच्या होत्या.

मॅडमनी नाकात बारीक दुर्बीण घातली आणि शेजारच्या पडद्यावर गेणभाऊंना त्यांचंच नाक आतून दाखवलं.

"नारायणगावची द्राक्षं बघितलीत ना? तसे घोस लटकलेत दोन्हीकडे. कोंब म्हणतात याला. वास जाणार कुठून?"

गेणभाऊ पडद्याकडे टक लावून बघत राहिले. "लई माल धरलाय की," ते म्हणाले.

"तोडणीला आलाय," मॅडम हसून म्हणाल्या. "दुर्बिणीतूनच काढायचा. बाहेरून टाका नाही, वण नाही. पण त्याआधी पंधरा दिवस या गोळ्या घ्यायच्या. सकाळी पोटभर खाऊन, मी लिहून दिल्यात तेवढ्याच. सूज उतरते, ऑपरेशनला रक्त कमी जातं, मला आतलं नीट दिसतं."

"कसल्या गोळ्या म्हणायच्या?" मंगलने विचारलं.

"स्टेरॉईड."

मंगलने पिशवी छातीशी धरली. गेणभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र थोडी आशा दिसली. "पैलवान घेत्यात ते?"

"ते वेगळं. याने दंड फुगणार नाहीत. भूक वाढेल, झोप जरा उडेल. तुमची साखर तपासली, ती ठीक आहे. आता नीट ऐका. मनाने वाढवायच्या नाहीत, मनाने कमी करायच्या नाहीत आणि दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत."

यातल्या दोन गोष्टी गेणभाऊंनी मोडल्या. वाढवल्या मात्र नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगता येईल.

गोळ्या सुरू होऊन दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी गेणभाऊ कामाचा खाकी शर्ट डोक्यातून घालता घालता मध्येच थांबले.

"मंगल, ह्या शर्टात काय मेलंय का?"

भाकरी थापणारी मंगल हात तसेच ठेवून बाहेर आली. "काय म्हणलात?"

"शर्टाला घाण वास मारतोय."

मंगल आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पिठाचे हात असल्यामुळे ते पुसताही येईना. "अवो, त्यो तुमचाच वास हाय. इतकी वर्सं मी नांदतेय त्याच्यासंगं."

त्या दिवशी गेणभाऊ कामावर उशिरा गेले. मंगलच्या फडताळातला एकेक डबा उघडून त्यांनी नाकाशी धरला. हिंग, ओवा, काळा मसाला, गूळ. हिंगाने डोक्यात झिणझिण्या आल्या तरी तो डबा त्यांनी दोनदा उघडला. भाकरी तव्यावरून उतरून जाळावर गेली की तिचा वास बदलतो, हे ते साफ विसरून गेले होते. त्यांनी पाच भाकरी खाल्ल्या. इतके दिवस आपण जेवत नव्हतो, नुसतं पोटात टाकत होतो, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी मंगलला सांगितलंही. मंगलला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की तिने न विचारता सहावी भाकरी वाढली.

आठवडे बाजाराला दोघं बरोबर गेली. गेणभाऊ मेथीच्या जुडीशी थांबले, पेरूंशी थांबले, दोरखंडाच्या दुकानात नव्या काथ्याशी थांबले. सुकट घेऊन बसलेल्या बाईपुढे तर ते हलेचनात.

"घ्यायचं का नुसतं बघायचं?" बाईने विचारलं.

"वास घेतोय, मावशी."

"घ्या. वासाचं पैसं न्हाईत."

परतताना टेम्पोत मंगल शेजारी बसली होती. खिडकीतून वारा आला तसं गेणभाऊ म्हणाले, "तू आजून शिकेकाईच लावतीस व्हय केसांना?"

"मंग दुसरं काय लावू?" मंगल म्हणाली. पण घर येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली आणि तोंडावरचं हसू तिला लपवता आलं नाही.

गेणभाऊंची मोठी बहीण सरूबाई शेजारच्याच घरात राहायची. भाऊ उजाडायच्या आत उठून पाण्याची टाकी घासतो, अंगण झाडतो, गाणं म्हणतो, हे तिने भिंतीवरून चार दिवस बघितलं.

"गेण्या, कसल्या गोळ्या रं त्या? मला दे की दोन. गुडघं लई धरल्यात."

बहिणीला नाही कसं म्हणायचं? गेणभाऊंनी दिल्या. तिसऱ्या दिवशी सरूबाई लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढून गणपतीचं दर्शन घेऊन आली आणि आल्यावर ज्याला त्याला सांगत सुटली. गल्लीतल्या आणखी दोघी गुडघे चोळत गेणभाऊंच्या दारात येऊन बसल्या. त्यांना मंगलने चहा देऊन वाटेला लावलं.

गेणभाऊंना आता नाकाचा इतका अभिमान वाटू लागला होता, की टाकी नसली तरी ते गिऱ्हाइकाच्या घरात शिरून वास घेऊन यायचे. असेच एका दुपारी ते कुशाबाईंच्या गल्लीत वळले. उंबरठ्यावर पाय ठेवला आणि थबकले.

गॅस होता. सडक्या कोबीसारखा तो वास त्यांनी कित्येक वर्षांनी ओळखला.

"आजी, बटण दाबू नका. काडी वढू नका," असं म्हणत त्यांनी आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, दारं सताड उघडली आणि कुशाबाईंना हाताला धरून अंगणात आणून बसवलं. मग आत जाऊन शोधलं. रेग्युलेटर चांगला होता, टाकीचं तोंड चांगलं होतं. ओट्यामागे जिथे पाईप भोकातून वर यायचा, तिथे तो उंदराने कुरतडला होता. फेस त्यांनी तिथे कधी लावलाच नव्हता.

"मी म्हणत व्हते ना," कुशाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पर तू नाय म्हणलास. तुझं नाक म्हंजे पक्कं. म्या म्हणलं आपल्याला भास व्हतोय. गारठा येतो म्हणून खिडकी पन लावून घेत व्हते."

 गेणभाऊंनी नवा पाईप बसवला, आतून बाहेरून फेस लावून पाहिला आणि चहा न घेताच निघाले. टेम्पोत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. बंद खिडकी, आत म्हातारी, आणि आपण डोळे मिटून मान हलवून सांगितलेलं, काय वास नाय. यापुढे नाक जाऊन चालणार नाही, एवढं त्यांनी तिथेच ठरवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढचं जे ठरवलं ते त्यांच्याच डोक्याचं होतं. गोळ्यांनी वास आलाच आहे, तर नाकात हत्यार कशाला घालून घ्यायचं? नाकाच्या वरच मेंदू असतो, असं गॅस एजन्सीत कोणीतरी सांगितलं होतं. कापायला जावं आणि आलेला वास घालवून बसावं, हे काही त्यांना पटेना. आता उरलेल्या गोळ्या पुरवायच्या कशा? तर साबणाची वडी पुरवतात तशाच. अर्ध्या करून.

"बाईंनी बजावलं व्हतं, मनानं कमी करू नका म्हणून," मंगल म्हणाली.

"आगं, कमी कुठं? तेवढ्याच घेणार, फक्त सावकाश."

मंगल चिडली. दोन दिवस तिने मुकाट्याने वाढलं, पण नवऱ्याने ऐकलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन करून घरी पाव्हणे आल्याचं सांगितलं. पाव्हणे म्हणजे सरूबाई, आणि तीही भिंतीपलीकडून.

गोळ्या संपल्या. पहिला गेला तो शिकेकाईचा वास. मग मेथी गेली, गूळ गेला. हिंग काही दिवस टिकला. एके सकाळी गेणभाऊंनी खाकी शर्ट नाकाला लावला, उलटा करून लावला, मग सुलटा करून अंगात घातला. मंगलने बघितलं. तिला रागावायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिचा राग उतरला.

त्याच आठवड्यात त्यांनी एका नव्या घरी टाकी नेली. घरात नुकतंच लग्न होऊन आलेली प्रतीक्षा नावाची मुलगी होती. तिने टाकी जोडून झाल्यावर विचारलं, "काका, वास येतोय का बघता का जरा?"

गेणभाऊ शेगडीपाशी वाकले. डोळे मिटले. छाती फुगवायची तेवढी राहिली होती, पण ती फुगवता येईना. त्यांना कुशाबाईंची बंद खिडकी दिसायला लागली. ते सरळ उभे राहिले.

"पोरी, मला वास येत न्हाई. लई वर्सं येत न्हाई. तुला येतोय का?"

ती गोंधळली. "येतोय थोडा."

"मंग येतोय. खिडकी उघड."

टाकीच्या तोंडातला रबरी वायसर चिरलेला होता. त्यांनी नवा घातला, फेस लावला, पाईपच्या शेवटापर्यंत लावला. प्रतीक्षाने सासूला सांगितलं, सासूने शेजारणीला, आणि संध्याकाळपर्यंत गेणभाऊंचं नाक सगळ्या ओतूरला कळलं. एजन्सीत पोरांनी त्यांना डोळे मिटून वास घेण्याची नक्कल करून दाखवली. नक्कल चांगली होती, गेणभाऊंनाही हसू आलं. एजन्सीचे मालक दादाभाऊ हसले नाहीत. "आधी नाक दुरुस्त करून या, मग टाकीला हात लावा," एवढंच त्यांनी सांगितलं.

कुशाबाईंकडे मात्र गेणभाऊ त्या दिवशी प्रतीक्षाच्या घरून थेट गेले होते. दुसऱ्याकडून कळण्याआधी आजींना आपणच सांगावं, असं त्यांना वाटत होतं. कुशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मरून गेले असते की रं मी," त्या म्हणाल्या.

"व्हय, आजी."

"जा दवाखान्यात. तू येस्तवर माझ्या घरात माझं नाक चालंल." आणि त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

मंचरला या वेळी तिघं गेली. मंगलने सरूबाईलाही ओढून नेलं होतं, कारण लेण्याद्रीहून आल्यापासून तिला सारखी तहान लागत होती. साधना मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अर्ध्या करून घेतल्या?"

"पुरवून पुरवून, मॅडम," गेणभाऊ म्हणाले.

"आणि या कोण?"

"मोठी बहीण. हिला दोनच दिल्या."

"दोनच," मॅडम म्हणाल्या. सरूबाईचं रक्त तपासलं तर साखर चढलेली. ती आधीपासूनच असणार, कधी कोणी बघितलीच नव्हती, आणि गोळ्यांनी तिला आणखी वर ढकललं होतं. मॅडमनी तिला साखरेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "आजी, तुमचे गुडघे बरे झाले नव्हते. चार दिवस गप्प बसले होते. यांच्या नाकाचंही तेच. कोंब गेले नाहीत, नुसते आक्रसले. सूज परत आली की वास परत जाणार."

"मंग कायम घेतल्या तर?" गेणभाऊंनी विचारलं.

"हाडं ठिसूळ होतील, साखर चढेल, डोळ्यांत मोतीबिंदू होईल. वासापायी एवढं द्यायचं का?"

गेणभाऊंनी मान खाली घातली. मग जे विचारायला ते आले होते ते त्यांनी विचारलं. "कापल्यावर वास ऱ्हाईल का, मॅडम? गोळ्या नसताना?"

"बहुतेक राहील. खात्री देत नाही. आणि रोज नाक धुवायचं, फवारा मारायचा, तो सोडायचा नाही. नाहीतर कोंब पुन्हा येतात."

मॅडम खात्री देत नाहीत, हे ऐकून का कोण जाणे, गेणभाऊंचा त्यांच्यावर विश्वास बसला.

गोळ्यांचे पंधरा दिवस पुन्हा झाले. या वेळी पाकीट मंगलच्या कमरेच्या पिशवीत होतं आणि गोळी तिच्या हातून, पूर्ण, पाण्याच्या तांब्याबरोबर मिळायची. ऑपरेशन झालं. नाकात बोळे घालून गेणभाऊ दोन दिवस खाटेवर बसून राहिले आणि नीट बोलता येत नसल्यामुळे दवाखान्यात सगळ्यांचे लाडके झाले. घरी जाताना मॅडमनी पुढच्या गोळ्या दिल्या, काही दिवस पूर्ण, मग अर्धी, मग बंद.

"आता अर्धी चालते व्हय?" गेणभाऊंनी विचारलं.

"आता अर्धी मी सांगितली म्हणून चालते," मॅडम म्हणाल्या.

शेवटची अर्धी गोळी घेऊन झाली. वास येत होता, पण तो गोळीचा की आपला, हे कळायला मार्ग नव्हता. गेणभाऊ सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे आणि डबे उघडायचं टाळायचे. मंगलनेही विचारलं नाही. रोज विचारलं तर रोज उत्तर द्यावं लागेल, हे तिला कळत होतं. असे कितीतरी दिवस गेले.

मग एका संध्याकाळी मंगलने दूध तापायला ठेवलं आणि ती तिथून हलली नाही. तिने जन्मात कधी दूध लागू दिलं नव्हतं. आज मात्र ते वर आल्यावर तिने फुंकर घातली, पण आच तशीच ठेवली. दूध आटत गेलं, कडेला पिवळं झालं, बुडाला धरलं. गेणभाऊ अंगणात टेम्पोचं चाक पुसत होते. मंगल दारातून त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. करपट वास स्वयंपाकघरातून पडवीत आला, पडवीतून अंगणात गेला. गेणभाऊ चाक पुसतच होते.

"मंगल, दूध लागलं की गं," भिंतीपलीकडून सरूबाई ओरडली.

मंगलला रडूच आलं. एवढं लिटरभर दूध घालवून केलेलं सगळं त्या एका हाकेने फुकट गेलं. तिने गॅस बंद केला. गेणभाऊ फडकं खांद्यावर टाकून आत आले आणि पातेल्यात वाकून बघू लागले.

"तुमाला आला व्हता का वास?" तिने विचारलं. "आक्का बोलायच्या आधी?"

आला होता म्हणणं किती सोपं होतं. म्हणायची सवयही होती. गेणभाऊंनी पातेलं खाली उतरवलं.

"आधी न्हाई," ते म्हणाले. "ती वरडली मंग मी मान वर केली. तवा आला."

"खरं?"

"खरं. लांबून आल्यावानी. पर दुधाचाच."

 मंगलने त्याच दुधाचा चहा केला आणि सरूबाईला हाक मारली. सरूबाईने बिनसाखरेच्या चहाचा एक घोट घेऊन बशी खाली ठेवली आणि असला चहा गुरांनाही घालू नये, असं सांगितलं. मंगलनेही आपला अर्धा सोडला. गेणभाऊ चौकटीला टेकून बसले होते. दर घोटाआधी ते कप नाकाशी धरून थोडे थांबत होते. आपला संपल्यावर त्यांनी मंगलचा कप ओढून घेतला, आणि मग बहिणीची बशीही.